थ्रॉटल पूर्ण, तरी ताकद अर्धी

सांगवीकरांना लढाऊ विमानाचा आवाज नवा नाही. पुण्याच्या लोहगाव हवाई तळावर २००२ साली सुखोई-३० एमकेआय दाखल झाले. त्यांची घरघर नदीकाठच्या सोसायट्यांपर्यंत ऐकू येते. त्याच सोसायट्यांत दिवसभर चाकण-भोसरीच्या कारखान्यांत काम करून आलेली अनेक मुले रात्री संगणकापुढे जॉयस्टिक घेऊन बसतात आणि दुसऱ्या महायुद्धातली विमाने उडवतात. 'डीसीएस', 'आयएल-टू', 'वॉर थंडर' ही त्यांची सिम्युलेटर. नव्या खेळाडूची तक्रार बहुधा एकच असते: "खाली मी समोरच्याला सहज गाठतो. पण सात हजार मीटरवर तोच माझ्यापुढून निघून जातो. माझा थ्रॉटल तर शंभर टक्के आहे!"

या तक्रारीचे उत्तर तिच्या शेवटच्या वाक्यातच आहे. थ्रॉटल म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेवरची झडप. ती उघडणारी दांडी पूर्ण पुढे आहे एवढेच 'शंभर टक्के' हा आकडा सांगतो. त्या झडपेतून प्रत्यक्षात किती हवा आत गेली, हे तो सांगत नाही. इंजिनाची ताकद मात्र त्या हवेवरच ठरते.

हवेचे वजन

पेट्रोल जाळायला ऑक्सिजन लागतो. साधारण एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला पंधरा किलोच्या आसपास हवा लागते. टाकीतून पेट्रोल हवे तेवढे आणता येते, अडचण हवेची असते. उंचीवर हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण बदलत नाही, ते २१ टक्केच राहते. पण हवाच विरळ होते. सिलिंडर दर फेरीत तेवढेच घनफळ ओढतो, पण त्या घनफळात हवेचे वजन कमी भरते.

सांगवी समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे. इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी. लेहला तो समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशावर येतो. साडेपाच हजार मीटरवर निम्मा उरतो आणि दहा हजार मीटरवर जेमतेम चौथा हिस्सा. म्हणजे साधे, कसलीही जोड नसलेले इंजिन साडेपाच हजार मीटरवर निम्म्या ताकदीच्या आसपास येते. मग थ्रॉटलची दांडी कितीही पुढे ढकला.

दाबाबरोबर तापमानही पाहावे लागते. मे महिन्यातल्या ४० अंशांच्या दुपारी सांगवीतली हवा इतकी फुगलेली असते, की घनतेच्या हिशेबाने ती प्रमाण वातावरणातल्या दीड हजार मीटर उंचीवरच्या हवेसारखी भरते. ही उंची महाबळेश्वरपेक्षाही जास्त झाली. सिम्युलेटरमध्ये उन्हाळी नकाशावर भरलेले विमान धावपट्टी सोडायला कुरकुरते आणि हिवाळी नकाशावर तेच विमान झटकन उचलते, त्यामागे हेच गणित असते.

कारखान्यातली ओळखीची वस्तू

यावरचा उपाय चाकण पट्ट्यात राहणाऱ्याला वेगळा शिकवावा लागत नाही. मालमोटारींवर 'टीसी' किंवा 'टीसीआयसी' ही अक्षरे आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. पहिल्याचा अर्थ टर्बोचार्जर, दुसऱ्याचा टर्बोचार्जर आणि इंटरकूलर. बाहेरची हवा पंख्याने दाबून सिलिंडरात कोंबायची, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त हवा मावते. हवा दाबली की तापते आणि तापली की पुन्हा फुगते, म्हणून मध्ये इंटरकूलर घालून ती गार करायची. महायुद्धातल्या विमानांत हीच युक्ती होती, फक्त आकार मोठा आणि जिवाची बाजी लावलेली.

पंखा फिरवायचे मार्ग दोन. इंजिनाच्याच दंडावरून दात्यांनी फिरवला, तर तो सुपरचार्जर. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरवला, तर टर्बो. सुपरचार्जर साधा आणि आटोपशीर असतो, पण तो इंजिनाचीच ताकद खातो. मोठ्या विमान-इंजिनात हा खर्च शंभर-दोनशे अश्वशक्तीच्या घरात जातो. टर्बो वाया जाणाऱ्या धुरावर चालतो. वर गेल्यावर बाहेरचा दाब घटतो, धूर अधिक जोराने बाहेर पडतो आणि टर्बोला उलट जास्त जोर मिळतो. त्याची किंमत म्हणजे जागा आणि वजन. अमेरिकेच्या पी-४७ थंडरबोल्टमध्ये टर्बो वैमानिकाच्या मागे, शेपटीकडच्या पोटात बसवला होता. त्याच्यापर्यंत धूर नेणारे आणि तिथून हवा परत आणणारे लांबलचक नळ विमानाच्या खालच्या भागातून गेले होते. त्या विमानाचे पोट मोठे दिसते ते यामुळेही.

फुल थ्रॉटल हाइट

सिम्युलेटरमध्ये उंचीवर लढायचे असेल, तर ही एक संकल्पना पक्की हवी. सुपरचार्जर समुद्रसपाटीवर गरजेपेक्षा जास्त हवा कोंबू शकतो. सगळी आत घेतली तर इंजिन ठोकायला लागते, म्हणजे नॉकिंग होते आणि पिस्टनला भोक पडते. म्हणून खाली असताना झडप अर्धवट मिटलेली ठेवावी लागते. बऱ्याच विमानांत हे काम आपोआप होते. वैमानिकाची दांडी पुढे असते, पण आतली झडप दाब-नियंत्रक सांभाळतो. विमान चढत जाते तशी बाहेरची हवा विरळ होते आणि नियंत्रक झडप थोडी थोडी उघडत दाब कायम राखतो. एका उंचीवर झडप पूर्ण उघडते. तीच फुल थ्रॉटल हाइट. तिच्या वर नियंत्रकाच्या हाती काही उरत नाही आणि दाब घसरू लागतो.

इथे एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट घडते. जमिनीपासून या उंचीपर्यंत दाब तोच असला, तरी इंजिनाची ताकद थोडी वाढत जाते. वरची हवा थंड, म्हणून त्याच दाबात तिचे वजन जास्त. बाहेरचा दाब कमी, म्हणून धूर सहज निघतो. शिवाय मिटलेल्या झडपेपाशी वाया जाणारी मेहनत वाचते. त्यामुळे अशा विमानाची सर्वांत मोठी ताकद जमिनीवर नसते, फुल थ्रॉटल हाइटवर असते. त्यानंतर उतार सुरू होतो.

मग पंख्याला दोन गिअर का देतात, हेही उलगडते. उंचीसाठी पंखा जोरात फिरवणारा गिअर लावला, तर खाली तो फुकटची ताकद खातो आणि हवा नको इतकी तापवतो. खालचा गिअर लावला, तर वर दम पुरत नाही. दोन गिअर असले की आलेखावर करवतीचे दोन दाते दिसतात: ताकद चढते, घसरते, गिअर बदलला की पुन्हा चढते आणि मग कायमची घसरते. ब्रिटिश स्पिटफायर नाइनच्या एका प्रकारात बसवलेल्या मर्लिन ६६ इंजिनाला खालच्या गिअरमध्ये पावणेदोन हजार मीटरच्या आसपास सुमारे १,७०० अश्वशक्ती मिळत. वरच्या गिअरमध्ये पाच हजार मीटरच्या जरा खाली सुमारे १,५८० मिळत. या दोन शिखरांच्या मध्ये एक दरी आहे. शत्रूला आपल्या दरीत गाठणे शहाणपणाचे नाही.

मर्लिनची ही दोन टप्प्यांची, म्हणजे एकामागे एक दोन पंख्यांची, आणि दोन गिअरांची रचना घडवण्यात स्टॅन्ली हूकर यांचा मोठा वाटा होता. ते मूळचे गणितज्ञ, १९३८ मध्ये रोल्स-रॉइसमध्ये आले आणि सुपरचार्जरच्या हवेच्या वाटांचा हिशेब त्यांनी नव्याने मांडला. जर्मनांनी वेगळी वाट धरली. मेसरश्मिट १०९ च्या डाइमलर-बेंझ इंजिनात दात्यांऐवजी तेलावर चालणारी जोडणी होती. बाहेरच्या दाबाप्रमाणे पंख्याचा वेग आपोआप बदलत असे, त्यामुळे करवतीचे दाते बोथट होत. डीबी ६०५ए इंजिनाची फुल थ्रॉटल हाइट होती सुमारे ५,७०० मीटर.

घड्याळे चार, भाषा चार

थ्रॉटलच्या टक्केवारीऐवजी नजर ठेवायची ती मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळातल्या, दाबावर. पण प्रत्येक देशाचे घड्याळ वेगळे बोलते. ब्रिटिश घड्याळ दाब वातावरणापेक्षा दर चौरस इंचाला किती पौंड जास्त ते दाखवते, अमेरिकन घड्याळ पाऱ्याचे इंच, रशियन पाऱ्याचे मिलिमीटर आणि जर्मन घड्याळ 'आटा' हे एकक. स्पिटफायरचे अधिक १८ पौंड म्हणजे पाऱ्याचे जवळपास ६७ इंच आणि जर्मन मापात २.३ आटा. पी-५१ मस्टँगची आणीबाणीची मर्यादाही ६७ इंचच होती, कारण तिच्यात अमेरिकेत पॅकार्डने बनवलेले मर्लिनच होते. रशियन याक विमानाचे १,०५० मिलिमीटर आणि मेसरश्मिटचे १.४२ आटा हे आकडे जवळजवळ सारखे आहेत.

मग १.४२ आटावाला २.३ आटावाल्यापुढे टिकतो कसा? मर्लिन २७ लिटरचे इंजिन, तर डीबी ६०५ पावणेछत्तीस लिटरचे. मोठ्या पोटाला कमी दाब पुरतो. शिवाय जर्मनांच्या नेहमीच्या पेट्रोलचे ऑक्टेन कमी होते, त्यामुळे दाब फार वाढवणे त्यांना परवडत नव्हते. एका विमानाच्या आकड्याची दुसऱ्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. आपल्या विमानाच्या मर्यादा पाठ असणे महत्त्वाचे.

दांड्यांचा क्रम

जुन्या विमानात वैमानिकाच्या डाव्या हाताशी निदान तीन दांड्या असत: थ्रॉटल, आरपीएम आणि मिक्श्चर. आरपीएमची दांडी प्रॉपेलरच्या पात्यांचा कोन बदलून इंजिनाचे फेरे ठरवते. ताकद वाढवायची तर आधी आरपीएम वाढवायचे, मग थ्रॉटल. कमी करायची तर आधी थ्रॉटल, मग आरपीएम. हा क्रम उलटा झाला की कमी फेऱ्यांवर जास्त दाब पडतो आणि नॉकिंगने इंजिन खलास होते. चांगल्या सिम्युलेटरमध्ये ही शिक्षा लगेच मिळते.

मिक्श्चर म्हणजे हवेत पेट्रोल किती सोडायचे ते प्रमाण. सांगवीतून लडाखला दुचाकीवर जाऊन आलेल्यांना हे ठाऊक असते. कार्ब्युरेटरची जुनी गाडी खार्दुंग ला चढताना काळा धूर सोडते, पिकअप जातो, प्लग काळा पडतो. हवा कमी झाली, पण पेट्रोल त्या प्रमाणात कमी झाले नाही. मेकॅनिक जेट बदलून ते कमी करतो. चाकणला बनणाऱ्या केटीएम ड्यूकसारख्या फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत हा हिशेब सेन्सर आणि छोटा संगणक ठेवतात. पेट्रोल त्याने बरोबर दिले, तरी हवाच कमी, म्हणून ताकद तीही गमावते. मेकॅनिक जे काम स्क्रू-ड्रायव्हरने करतो, ते बऱ्याच सोव्हिएत विमानांत वैमानिकाला चढता चढता दांडीने करावे लागे. ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांत ते बऱ्याच अंशी आपोआप होई. फोकवुल्फ १९० मध्ये तर 'कोमांडोगेरेट' नावाचे यंत्र आरपीएम, मिक्श्चर, ठिणगीची वेळ आणि सुपरचार्जरचा गिअर हे सगळे एकाच दांडीवरून सांभाळत असे. नव्या खेळाडूला हे विमान सोपे वाटते, ते यामुळे.

उष्णतेचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. सहा हजार मीटरवर प्रमाण तापमान उणे २४ अंश असते, तरीही इंजिन तापते. कारण विरळ हवा रेडिएटरमधून उष्णता कमी वाहून नेते आणि चढताना वेगही कमी असतो. रेडिएटरची झाकणे सताड उघडली तर विमान हवेत अडते, बंद ठेवली तर पाणी उकळते. उपाय सोपा आहे: चढाईचा कोन कमी करा, वेग वाढू द्या, झाकण निम्मेच उघडा. आणीबाणीची ताकद किती मिनिटे वापरायची याची मर्यादाही विमानागणिक ठरलेली असते, साधारण पाच मिनिटांच्या आसपास. काही सिम्युलेटर ती घड्याळ लावून मोजतात, काही इंजिनाच्या तापमानावर आणि नॉकिंगवर सोडतात. आपले सिम्युलेटर कोणत्या जातीचे आहे ते आधी पाहावे.

वेगाच्या घड्याळानेही फसू नये. ते हवेचा धक्का मोजते आणि वर हवाच विरळ असते. सहा हजार मीटरवर घड्याळ ताशी ४०० किलोमीटर दाखवत असेल, तर खरा वेग ५४५ च्या आसपास असतो. 'वर गेल्यावर विमान मंदावले' असे वाटते, तेव्हा पुष्कळदा ते खालच्यापेक्षा वेगानेच जात असते. मंदावते ती चढायची आणि वळायची शक्ती.

आपल्या आकाशातले धडे

उंचीचा हा प्रश्न भारताच्या आकाशातही सुटला आहे. १९४३ मध्ये जपानची कि-४६ ही टेहळणी विमाने बंगालवरून इतक्या उंचीवरून आणि वेगाने फोटो घेऊन जात, की ब्रिटिश हरिकेन लढाऊ विमानांना ती सापडत नसत. त्या वर्षाच्या अखेरीस स्पिटफायर आल्या आणि महिन्याभरातच ही टेहळणी विमाने पडू लागली. पुढे भारतीय वायुदलाच्या आठव्या स्क्वाड्रनला स्पिटफायर एट हा प्रकार मिळाला. त्यात दोन टप्प्यांचे मर्लिन होते. स्पिटफायरच्या नावापुढे लागणारी एलएफ, एफ आणि एचएफ ही अक्षरे उंचीचीच आहेत: खालच्या उंचीसाठी, मधल्या उंचीसाठी आणि फार वरच्या उंचीसाठी. पंख आणि बंदुका बहुधा त्याच, पण सुपरचार्जर वेगळ्या उंचीला जुळवलेला. कोणत्या मजल्यावर लढायचे, हे कारखान्यातच ठरत होते.

१९४७-४८ च्या काश्मीरच्या लढाईत टेम्पेस्ट आणि स्पिटफायर डोंगरांत उतरले. त्या वेळच्या हवाई कारवायांसाठी विंग कमांडर हृषीकेश मुळगावकर यांना महावीर चक्र मिळाले. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहेर सिंग यांनी जनरल थिमय्या यांना घेऊन डाकोटा लेहला उतरवले. हवेचा दाब राखणारी केबिन नाही, हिमालयाच्या रांगा ओलांडायच्या आणि उतरायचे सव्वातीन हजार मीटरच्या आसपास, नव्याने केलेल्या कच्च्या पट्टीवर. डाकोटा लढाऊ विमान नव्हे, पण उंचीवर इंजिनाची शेवटची थेंबभर ताकद जपून वापरणे म्हणजे काय, ते या उड्डाणातून कळते.

बंगालवरच्या स्पिटफायरच्या उलट उदाहरण रशियाच्या मिग-३ चे. त्याचे इंजिन सहा हजार मीटरवर १,२०० अश्वशक्ती देई, तिथे ते उत्तम विमान होते. पण पूर्व आघाडीवरच्या बहुतेक झटापटी त्याच्या बऱ्याच खाली झाल्या आणि तिथे ते जड व आळशी ठरले. याक-१ चे क्लिमोव्ह इंजिन नेमके उलटे, पावणेतीन हजार मीटरच्या आत जोमदार. खाली याक भारी, वर मेसरश्मिट भारी. वैमानिकांचे कौशल्य सारखे धरले, तर निकाल पुष्कळदा उंचीच ठरवते.

एका संध्याकाळचा प्रयोग

हे सगळे पुस्तकातून पाठ करण्याऐवजी स्वतः मोजता येते. सिम्युलेटरमध्ये शत्रू नसलेला नकाशा आणि प्रमाण हवामान घ्या. टाकी निम्मी भरा. दर हजार मीटरला विमान आडवे धरा, नेहमीच्या लढाईची ताकद लावा आणि वेग स्थिर झाला की तीन आकडे वहीत लिहा: उंची, मॅनिफोल्डचा दाब आणि खरा वेग. दोन गिअरचे विमान असेल तर दोन्ही गिअरमध्ये मोजा. दाब जिथे पहिल्यांदा घसरतो ती फुल थ्रॉटल हाइट. दोन्ही गिअरचा वेग जिथे सारखा येतो ती गिअर बदलायची उंची. ती दाब घसरू लागल्यानंतर थोडी वर असते, कारण वरचा गिअर जास्त ताकद खातो. हाच प्रयोग नेहमी समोर येणाऱ्या शत्रूच्या विमानावर करा आणि दोन्ही आलेख एकावर एक ठेवा. ज्या पट्ट्यात तुमची रेघ वर आहे, तिथे लढा. जिथे त्याची वर आहे, तिथून खाली सूर मारा आणि त्याला आपल्या पट्ट्यात ओढा.

जॉयस्टिक महाग घेतली, पॅडल घेतले, डोके वळवले की दृश्य वळवणारे यंत्र घेतले, तरी हा आलेख हाती नसेल तर सात हजार मीटरवर हरणे ठरलेले आहे. म्हणून पुढच्या वेळी विमान निवडण्याआधी त्याच्या तोफा मोजू नका. त्याची फुल थ्रॉटल हाइट शोधा आणि लढाई त्याच उंचीवर घ्या.